जयसिंगराव नऊ ठिकाणी तुटले आहेत

आमच्या घराण्याची वंशावळ दर वर्षी अष्टमीला, कुलदेवीच्या आरतीनंतर आणि जेवणाच्या आधी वाचली जाते. ही वेळ कोणी ठरवली ते माहीत नाही, पण विचार करून ठरवली असावी. भुकेली माणसं पूर्वजांवरून फार वेळ भांडत नाहीत.

वंशावळ म्हणजे अडीच फुटांचा एक कागद. घड्यांवर तो सात ठिकाणी फाटला आहे आणि मागून चिकटपट्ट्या आहेत. गेल्या वर्षी वाचन चालू असताना त्यातल्या दोन पिढ्या पंख्याच्या वाऱ्यानं सुटल्या आणि बासुंदीत पडल्या. त्या काढून, पुसून, वाळवून जागेवर लावेपर्यंत पावणेतीन वाजले. तेव्हा यशवर्धनकाकांनी जाहीर केलं की पुढल्या वर्षी वंशावळ पक्क्या स्वरूपात पाहिजे.

"विक्रम करेल," ते म्हणाले. "तो विजेतला माणूस आहे."

वंशावळीचा आणि विजेचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. मी वीज कंपनीच्या तक्रार कक्षात आहे. वीज गेली की लोक मला फोन करतात आणि मी 'बघतो' म्हणतो. तेवीस वर्षं हे काम मी चोख केलं आहे. पण नात्यागोत्यात एकदा मिळालेली प्रतिष्ठा परत करता येत नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं.

वीज त्यात आणली माझ्या मुलीनं. श्रेया इंदूरजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, सर्किट बोर्ड बनवू. हिरवी पाटी, त्यावर पांढऱ्या अक्षरात सगळ्यांची नावं. प्रत्येक नावाशी एक छोटा दिवा. बापाकडून मुलाकडे तांब्याची रेघ. जे हयात आहेत त्यांच्या नावाखाली बटण. आपलं बटण दाबलं की आपल्यापासून थेट संताजींपर्यंतचे दिवे लागणार."

संताजी आमचे मूळ पुरुष. होळकरांच्या फौजेबरोबर ते इकडे आले ते घोड्यांच्या दाणावैरणीची व्यवस्था पाहायला. पुढच्या पिढ्यांनी त्यांना हळूहळू घोड्यावर बसवलं, हा भाग वेगळा.

काकांना मी ही कल्पना भीत भीत सांगितली. काकांचं वय चौऱ्याहत्तर, नोकरी सगळी जमीनमोजणीत गेली, आणि नव्या गोष्टींकडे ते दुसऱ्याच्या हद्दीत आलेल्या झाडासारखं पाहतात. पण एका शब्दावर ते थांबले.

"तांबं?"

"हो काका. तांब्याच्याच रेघा असतात."

"म्हणजे ताम्रपट!"

आमच्या बरोबरीच्या दोन घराण्यांना दरबारातून ताम्रपट मिळाला होता, आम्हाला नाही. दोनशे वर्षं ही गोष्ट घराण्याच्या घशात अडकून आहे. काकांनी त्याच क्षणी मंजुरी दिली, आणि बोर्डाला कोणीही बोर्ड म्हणू नये, अशी ताकीदही.

आता ठिपक्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशीच अडलं.

घराण्याच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी. थोरल्या पातीत एका पिढीला मूल झालं नाही, म्हणून १९१९ साली सात वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव जयसिंगराव ठेवलं. होम झाला, कागद झाले, कायद्यानं काही बाकी राहिलं नाही. पण वंशावळ लिहिणारा धाकट्या पातीचा होता. दत्तक झालं नसतं तर थोरलेपण त्याच्याकडे आलं असतं. त्यानं जयसिंगरावांच्या नावापर्यंत सरळ रेघ न ओढता ठिपके दिले. जयसिंगराव माझे आजोबा. काका धाकट्या पातीचे.

माझे वडील नाना हे जयसिंगरावांचे एकुलते एक. वय शहाऐंशी. दर अष्टमीला वाचणारा ठिपक्यांपाशी येतो, थांबतो, खाकरतो आणि पुढे जातो. ही प्रथाच आहे. आरतीचं तबक वयानं मोठ्या नानांकडे न जाता काकांकडे जातं, हीसुद्धा. नानांनी कधी तक्रार केली नाही. श्रेयानं त्यांना लॅपटॉपवर पाटीचं चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "विक्रम, वडिलांचा दिवा लागेल ना?"

"बघतो," मी म्हणालो. सवयीनं.

कामाला लागल्यावर पहिला सल्ला शेजारच्या मनीष भियांकडून आला. त्यांचा लग्नाच्या रोषणाईचा धंदा आहे. ते गच्चीवरून म्हणाले, "भिया, काहे को परेशान हो रहे हो? हर नाम पे लाइट की एक झालर टाँग दो, बात खतम." हा ताम्रपट आहे, असं मी सांगितल्यावर ते गंभीर झाले. "तो फिर लाइन हाथ से खींचना. मशीन पे मत छोड़ना. मशीन को रिश्तेदारी थोड़ी मालूम है."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

कागदावर एकेचाळीस पुरुष होते. श्रेयानं मुलीही घातल्या आणि आकडा सहासष्टवर गेला. काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मुलींची नावं कधी नसतात." श्रेया म्हणाली, "काका आजोबा, पाटी मुलगीच बनवून राहिली आहे." काकांनी निर्णय दिला, "ठीक आहे. पण एका वर्षी एकच सुधारणा."

सहासष्ट नावं पिढीवार मांडली, दिवे ठेवले, बटणं ठेवली. आता त्यांच्यामधल्या रेघा. कोणती टोकं जोडायची हे संगणकाला सांगितलेलं होतं, आणि त्या सगळ्या जोडण्या पिवळ्या बारीक धाग्यांसारख्या पडद्यावर एकमेकींत गुंतून दिसत होत्या. एका रेघेनं दुसरीला छेदायचं नाही, हा नियम. जागा नसली तर छिद्रातून पाटीच्या मागच्या बाजूला जायचं आणि पुढे कुठेतरी वर यायचं. मी दीड तासात हातानं चार रेघा ओढल्या. त्यातल्या तीन चुकल्या.

"सोडा बाबा," श्रेया म्हणाली आणि तिनं 'ऑटोराउट' नावाचं बटण दाबलं.

पुढची चाळीस मिनिटं मी हललो नाही. प्रेमलता, म्हणजे माझी बायको, चहा ठेवून गेली आणि गार झालेला चहा उचलून घेऊन गेली. पडद्यावर लाल आणि निळ्या रेघा आपल्या आपण निघत होत्या. एखादी रेघ चालत यायची, समोर वाट बंद दिसली की जरा थांबल्यासारखी व्हायची, मग वळायची. काही रेघा अर्ध्यात पुसल्या जायच्या आणि दुसरीकडून नव्यानं निघायच्या, कसलाही राग न धरता. दुपारची वेळ, पंखा, बाहेर कुकरच्या शिट्ट्या. मला वाटलं मी त्या हिरव्यातून चालतो आहे. गल्ल्या ओळखीच्या नव्हत्या, पण प्रत्येक कोपऱ्यावर नात्यातलं कोणीतरी दारात उभं होतं आणि हातानं पुढची वाट दाखवत होतं. बोलत कोणीच नव्हतं. आमच्या घराण्यात हे फक्त स्वप्नातच शक्य आहे.

जाग आली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: बाकी जोडण्या, शून्य. नाना मागच्या खुर्चीत बसून पाहत होते. तेही झोपले नव्हते असं ठामपणे सांगता येणार नाही.

काका रविवारी तपासणीला आले. येताना त्यांनी भिंग आणलं होतं आणि, का कोण जाणे, मोजपट्टी.

पहिला आक्षेप अकराव्या मिनिटाला आला. "ही आमची रेघ ना? ही तुमच्या अंगणातून का जाते?"

"काका, मशीनला जिथे जागा सापडली तिथून..."

"वहिवाट पडते अशानं. आज रेघ जाईल, उद्या हक्क सांगतील."

श्रेयानं दोन्ही पातींमध्ये 'इथून जाऊ नये' अशी कुंपणं घातली आणि पुन्हा बटण दाबलं. रेघा निमूटपणे लांबून गेल्या. काकांनी मोजपट्टी पडद्याला लावून खात्री करून घेतली. मग भिंग जयसिंगरावांवर आलं.

"इथे ठिपके पाहिजेत."

"काका आजोबा, ठिपके पांढऱ्या शाईनं छापू. खाली तांब्याची रेघ सलग राहू दे," श्रेया म्हणाली.

"शाई पुसते. ताम्रपट तांब्याचा असतो. ठिपकेही तांब्याचेच."

"पण तुटलेल्या रेघेतून करंट जात नाही. ही साखळी आहे. मध्ये तुटली की खालचे नाहीत आणि वरचेही नाहीत. आजोबांनी बटण दाबलं तर एकही दिवा लागणार नाही."

"न लागो," काका म्हणाले. "कागदावर तरी कुठे लागत होता?"

नाना त्याच खोलीत होते. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते आधीही एकदा वाचून झालेलं पान होतं. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "काका, चहा घेणार?"

काकांनी चहा घेतला, ठिपक्यांचं माप लिहून दिलं आणि गेले. श्रेयानं माझ्याकडे न पाहता रेघ पुसली. त्या जागी तांब्याचे आठ सुटे ठिपके काढले, आणि तिथे दुसरं तांबं येऊ नये म्हणून भोवती कुंपण घातलं. पडद्यावर जयसिंगरावांच्या डोक्यावर एक पिवळा बारीक धागा परत उगवला. बाकी जोडण्या, एक.

"सॉफ्टवेअरला दत्तक समजत नाही," ती म्हणाली. "त्याला सांगितलंय की हे बाप-लेक आहेत. ते जोडायलाच बघणार."

फाइल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला पाठवली. अष्टमीला सोळा दिवस होते. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या तपासणी विभागाची मेल आली. इंग्रजीत होती, मी शब्दशः मराठी देतो: 'जयसिंगराव नऊ ठिकाणी तुटले आहेत. हे हेतुपुरस्सर आहे काय? कृपया लेखी कळवावे.'

घराण्याच्या वतीनं उत्तर द्यायचा अधिकार आपला आहे, असं काकांचं म्हणणं पडलं. त्यांनी फोनवरून मजकूर सांगितला आणि एक अक्षरही बदलायचं नाही अशी अट घातली. मी पाठवलं: 'होय. सन १९१९ पासून.'

कंपनीनं उलट एक नमुना पाठवला. त्यात दोषाचं तांत्रिक कारण, जबाबदार व्यक्तीचं नाव, हुद्दा आणि शिक्का असे रकाने होते. कारणाच्या रकान्यात काकांनी 'परंपरा' लिहिलं. हुद्दा, 'घराण्याचे ज्येष्ठ'. शिक्का कुलदेवी उत्सव समितीचा होता, तो त्यांनी दोनदा मारला, कारण पहिल्यात देवीचं नाक उमटलं नव्हतं. सातव्या दिवशी उत्तर आलं की अपूर्ण जोडणी असलेला बोर्ड कंपनीच्या धोरणानुसार बनवता येत नाही. 'बाकी जोडण्या' शून्य असलेली फाइल आज संध्याकाळी पाचपर्यंत आली तर अष्टमीच्या आदल्या दिवशी माल मिळेल, नाहीतर नाही.

श्रेयाची परीक्षा होती. पेपरला आत जाण्याआधी तिनं मला फोनवर घाईघाईनं सांगितलं, "बाबा, सोपं आहे. मूळ आकृतीत जा. जयसिंगराव आणि त्यांचे वडील, त्या दोघांमधली जोडणी निवडा आणि डिलीट करा. जोडणीच नसली तर सॉफ्टवेअर मागणार नाही. शून्य येईल."

दुपारचे अडीच वाजले होते. मी आकृती उघडली, जोडणी निवडली, डिलीट दाबलं. संगणकानं विचारलं: ही जोडणी काढून टाकायची, नक्की?

हा प्रश्न घराण्यात शंभर वर्षांत कोणी इतक्या स्पष्टपणे विचारला नव्हता. ठिपके काढणाऱ्यानंसुद्धा ठिपके काढले, नाव खोडलं नाही. खोडायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि मी तर जयसिंगरावांचाच नातू. मागच्या खुर्चीत नानांना डुलकी लागली होती. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. मी त्या प्रश्नाकडे पाहत राहिलो. तक्रार कक्षात अशा वेळी फोन दुसऱ्या विभागाला जोडून देतात.

मी 'नाही' दाबलं, आकृती बंद केली आणि 'ऑटोराउट' दाबलं. हे चुकून झालं, असं मी पुढे काकांना सांगितलं. इथे तसं लिहीत नाही.

पडद्यावरची बाकी सगळी पाटी स्तब्ध होती. एकच रेघ निघाली. ती ठिपक्यांपाशी गेली, कुंपणाला लागली, मागे आली. मग एका छिद्रातून खाली उतरली आणि लालची निळी झाली. म्हणजे पाटीच्या मागच्या बाजूला गेली. मागच्या बाजूला कुंपणं नव्हती, पण ते अंगण बटणांच्या परतीच्या रेघांनी भरलेलं होतं. ती एकेका फटीत डोकावली आणि परतली. शेवटी कडेची वाट मोकळी मिळाली. त्या वाटेनं ती चालायला लागली, वरच्या काठानं, डाव्या काठानं, खालच्या काठानं. धाकट्या पातीच्या सगळ्या नावांखालून, काकांच्या नावाखालून, श्रेयाच्या आणि माझ्या नावाखालून. तिला कसली घाई नव्हती. उजव्या कोपऱ्यात ती वळली, वर आली आणि जयसिंगरावांच्या पायाशी एका छिद्रातून बाहेर पडली.

पिवळा धागा गेला. शून्य.

मी फाइल चार वाजून बावन्न मिनिटांनी पाठवली. मग नानांचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

काकांचं घर 'जुनी इंदूर' भागात, फोटोकॉपीच्या दुकानाच्या वर. अष्टमीला तिथे चाळीस माणसं जमली. पाटी शिसवी चौकटीत, दोन हुकांवर टांगलेली. समोरून पाहिलं तर ठिपके अगदी काकांच्या मापाचे, दुपारच्या उजेडात लुकलुकत होते. काकांनी भिंगातून पाहून मान डोलावली. आरती झाली, काकांनीच केली. मग त्यांनी आपलं बटण दाबलं आणि संताजींपासून त्यांच्यापर्यंत दिव्यांची माळ लागली. टाळ्या पडल्या. बटण दाबून धरलं तोवर उजेड, सोडलं की गेला. मग सगळ्यांनी रांग लावली. प्रत्येक जण दाबायचा, वर पाहायचा, आणि कितीही मोठा माणूस असला तरी हसायचा. श्रेयानं दाबायला हात पुढे केला, मी तिला हळूच मागे ओढलं. तिची आणि माझी वाट नानांवरून जाते. आधी त्यांना जाऊ दे.

नाना शेवटी उठले. खोलीत सगळ्यांना माहीत होतं काय होणार नाही ते. प्रेमलतानं पानं वाढायला घेतली, म्हणजे कोणाला पाहत बसावं लागणार नाही. नानांनी बटण शोधलं. दाबलं.

संताजी लागले. त्यांचा मुलगा, नातू, एकामागून एक. मग ठिपके, जसेच्या तसे, न उजळता. आणि ठिपक्यांखाली जयसिंगराव लागले, आणि त्यांच्याखाली नाना.

प्रेमलताच्या हातातला वाढणीचा डाव तसाच राहिला.

"हे कसं?" काका म्हणाले. त्यांनी पाटी हुकांवरून काढली, वायरीसकट उलटी केली. "विक्रम, हे कोणी केलं?"

"मशीननं, काका."

"मशीनला कोणी सांगितलं?"

"चुकून दाबलं गेलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मोजणीच्या माणसाला खोटी हद्द लगेच कळते. मग त्यांचं बोट रेघेवर टेकलं आणि तिच्या मागे निघालं. वरचा काठ, डावा काठ. आपल्या नावाच्या मागे आल्यावर ते क्षणभर थांबलं. मला वाटलं आता वहिवाटीचा विषय निघणार. पण बोट पुढे सरकलं, खालच्या काठानं कोपऱ्यापर्यंत आणि वर.

"केवढ्या लांबून आली आहे ही," काका हळूच म्हणाले. ते कोणाला उद्देशून नव्हतं.

"देपालपूरहून," नाना म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. जयसिंगराव कुठून आले हे शंभर वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"बैलगाडीतून आणलं त्यांना," नाना म्हणाले. "धान्याच्या पोत्यांवर निजवलं होतं. वडील सांगायचे, वाटेतलं काही आठवत नाही. डोळे उघडले तर इंदूर आलं होतं, आणि दारात एक बाई उभी होती, ती म्हणाली, ये, मी तुझी आई."

काकांनी पाटी सरळ केली. परत हुकांवर टांगली. मग ते बाजूला झाले.

"नाना," ते म्हणाले, "दाबा परत. मघाशी मला नीट दिसलं नाही."

नानांनी दाबलं. दिवे लागले. दोन मिनिटं झाली, पाच झाली. चाळीस माणसं पानांवर बसली होती, पुऱ्या निवत होत्या, आणि नाना बटणावरचं बोट काढत नव्हते. प्रेमलता म्हणाली, "नाना, जेवायला चला ना." ते "हो" म्हणाले आणि तिथेच राहिले. कोणी त्यांना दुसऱ्यांदा सांगेना. शेवटी काकांनी स्वतः खुर्ची उचलून आणली, पाटीसमोर ठेवली, आणि नानांचं पान तिथेच वाढायला सांगितलं. नानांनी डाव्या हातानं बटण धरलं आणि उजव्या हातानं, नेहमीपेक्षा एक पुरी जास्त, सावकाश जेवले.